न चिकटणारे धातूला कसे चिकटते?
धातू आणि फ्लोरोपॉलिमर यांच्या संमिश्रांचे रसायन

अनेक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात बहुवारिकांचा पाठ चालू होता. टेफ्लॉनला काहीही चिकटत नाही, म्हणून तव्यावर त्याचा लेप देतात, असे मी सांगितले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, त्याला काहीच चिकटत नाही, तर ते स्वतः तव्याला कसे चिकटते?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "कारखान्यात गोंदासारखे काहीतरी वापरत असतील," असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते. टेफ्लॉनला गोंदही चिकटत नाही, हे त्या मुलाच्या प्रश्नातच आले होते. आज स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक व शाळेचे हितचिंतक यांच्यासमोर त्या प्रश्नाचे शक्य तितके पूर्ण उत्तर मांडीत आहे. तो विद्यार्थी हे वाचत असेल, तर उशिरा का होईना, त्याचे देणे फिटेल.

१. एका रिकाम्या वाटलेल्या नळकांड्याची गोष्ट

६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ड्यूपाँ कंपनीच्या डीपवॉटर येथील प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांसाठी नवा वायू शोधीत होता. त्यासाठी टेट्राफ्लोरोएथिलीन हा वायू लहान नळकांड्यांत भरून थंड ठेवलेला होता. त्या दिवशी एका नळकांड्याची झडप उघडली, तरी वायू बाहेर येईना. वजन मात्र पूर्वीइतकेच भरत होते. प्लंकेट आणि त्याचा सहायक जॅक रेबोक यांनी नळकांडे कापून पाहिले, तेव्हा आत मेणासारखी गुळगुळीत पांढरी भुकटी सापडली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची लांबच लांब साखळी तयार झाली होती. हेच पॉलिटेट्राफ्लोरोएथिलीन, संक्षेपाने पीटीएफई. पुढे ते 'टेफ्लॉन' या व्यापारी नावाने जगभर गेले.

या भुकटीवर आम्लांचा, अल्कलींचा वा द्रावकांचा काहीच परिणाम होत नाही, असे दिसून आले. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पामध्ये युरेनियम हेक्साफ्लोराइड हा अत्यंत दाहक वायू हाताळावा लागे. त्याच्या नळ्यांच्या सांध्यांत व झडपांत टिकाव धरणारा पदार्थ म्हणून पीटीएफईचा प्रथम मोठा उपयोग झाला. धातूच्या यंत्रणेत फ्लोरोपॉलिमर बसवण्याची सुरुवात अशी युद्धाच्या गरजेतून झाली.

२. ही अलिप्तता येते कोठून?

पीटीएफईची रचना सोपी आहे. कार्बन अणूंची एक लांब साखळी, आणि प्रत्येक कार्बनला फ्लोरिनचे दोन अणू. पॉलिथीनमध्ये जेथे हायड्रोजन असतो, तेथे येथे फ्लोरिन आहे. एवढ्या एका बदलाने सर्व गुणधर्म पालटतात.

फ्लोरिनची विद्युतऋणता सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक, सुमारे ४ आहे. कार्बनची सुमारे २.५. त्यामुळे या दोहोंमधील बंध ध्रुवीय, आखूड आणि बळकट होतो. तो तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन व हायड्रोजन यांच्या बंधास सुमारे ४१३ किलोज्यूल पुरतात. शिवाय फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा असतो. शेजारचे फ्लोरिन अणू एकमेकांना ढकलतात, त्यामुळे साखळी सरळ न राहता मळसूत्रासारखी पिळली जाते. खोलीच्या तापमानाच्या थोडे खाली तेरा कार्बन अणूंच्या लांबीत तिचे सहा वेढे पूर्ण होतात. कार्बनचा कणा या वेढ्यांत फ्लोरिनच्या दाट आवरणाखाली झाकला जातो, आणि बाहेरून येणाऱ्या रेणूला त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.

प्रत्येक बंध ध्रुवीय असला, तरी साखळीभोवती त्यांची मांडणी इतकी सममित असते की एकूण परिणाम जवळजवळ शून्य होतो. फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, म्हणून शेजारच्या रेणूंशी होणारे क्षीण आकर्षणही येथे फारच कमी असते. परिणामी पृष्ठऊर्जा अत्यल्प राहते. पाण्याचा थेंब या पृष्ठभागावर पसरत नाही, अळवाच्या पानावरील थेंबासारखा गोळा होऊन राहतो. तेलही पुरते पसरत नाही. साखळ्याही एकमेकींना घट्ट धरीत नाहीत, सहज सरकतात. म्हणून पीटीएफईचा घर्षणांक मंद गतीस ०.०५ ते ०.१ इतका कमी असतो.

३. कल्हई आणि टेफ्लॉन

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. एका धातूवर दुसऱ्या पदार्थाचा थर देण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो आणि वितळलेले कथील कापसाने आतून फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटते आणि तांब्यावरील ऑक्साइडचा थर निघून जातो. स्वच्छ झालेल्या तांब्याशी कथिलाची प्रत्यक्ष अभिक्रिया होते आणि सीमेवर तांबे व कथील यांचे संयुग तयार होते. कल्हई भांड्यावर नुसती बसलेली नसते. ती भांड्यात थोडी शिरलेली असते.

पीटीएफईला हा मार्ग बंद आहे. ते धातूत विरघळत नाही आणि धातूशी सहजी बंध करीत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पीटीएफई आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांशेजारी शांत राहतात, ते अभिक्रियेस ऊर्जेची अनुकूलता नाही म्हणून नव्हे. अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड हे अतिशय स्थिर संयुग आहे. ऊर्जेचा हिशेब पाहिला, तर अ‍ॅल्युमिनियमने कार्बनकडून फ्लोरिन हिरावून घ्यावयास हवे. परंतु त्या अभिक्रियेच्या वाटेत ऊर्जेची उंच भिंत आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचे चिलखतही असते. या संमिश्राचे स्थैर्य मंदगतीमुळे लाभलेले आहे. तापमान फार वाढले किंवा धातू फार सूक्ष्म भुकटीच्या रूपात असला, तर हे स्थैर्य टिकेलच असे नाही. सोडियमसारखा अल्कली धातू तर ही भिंत सहज ओलांडतो. सोडियमच्या विशिष्ट द्रावणात पीटीएफई बुडवले असता पृष्ठभागावरील फ्लोरिन निघून जातो आणि पांढरा पृष्ठभाग तपकिरी होतो. असा 'सोललेला' पृष्ठभाग मात्र गोंद स्वीकारतो. उद्योगात पीटीएफईचे पत्रे धातूला डकवण्यासाठी ही रीत प्रत्यक्ष वापरतात.

४. तव्यावरचा लेप

तव्यासाठी वेगळा उपाय सापडला. १९५४ च्या सुमारास फ्रान्समधील अभियंता मार्क ग्रेगॉर मासेमारीच्या साहित्यावर पीटीएफई बसवण्याचे प्रयोग करीत होता. हाच लेप स्वयंपाकाच्या भांड्यावर द्यावा, ही सूचना त्याच्या पत्नीची, असे सांगितले जाते. १९५६ मध्ये त्याने कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले 'टेफाल': टेफ्लॉनमधले 'टेफ' आणि अ‍ॅल्युमिनियममधले 'अल'. त्या नावातच आपला विषय सामावलेला आहे.

युक्ती अशी होती. अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने कोरला की त्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे तयार होतात. त्या खळग्यांत पीटीएफईचे सूक्ष्म कण बसवून भांडे भट्टीत तापवायचे. पीटीएफईचा द्रवणांक ३२७ अंश सेल्सियस आहे. भाजणी सुमारे ३८० ते ४०० अंशांवर होते. वितळल्यावरही ते पाण्यासारखे वाहत नाही, कारण साखळ्या अतिशय लांब असतात. कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि त्याची मुळे खळग्यांत अडकून राहतात. भेगाळलेल्या दगडी भिंतीत पिंपळाची मुळे जशी रुततात, तसे हे रुतणे असते.

आजच्या भांड्यांवर बहुधा एकाहून अधिक थर असतात. सर्वांत खालच्या थरात फ्लोरोपॉलिमरबरोबर उष्णता सोसणारी दुसरी बहुवारिके मिसळलेली असतात. पॉलिअ‍ॅमाइड-इमाइड हे त्यांपैकी एक. त्यातील ध्रुवीय गट धातूच्या ऑक्साइडला धरून बसतात. भाजणीच्या वेळी कमी पृष्ठऊर्जेचे फ्लोरोपॉलिमर आपोआप वर येते आणि धरून ठेवणारे बहुवारिक खाली धातूकडे राहते. म्हणजे एकाच थराचा तळ चिकटणारा आणि माथा न चिकटणारा होतो. त्या विद्यार्थ्याला मी सांगितलेल्या 'गोंदासारख्या काहीतरी'चे खरे स्वरूप हे आहे.

तरीही ही जोडी अवघड असते. तापल्यावर पीटीएफई अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे पाचपट प्रसरण पावते. दर वेळी तवा तापतो आणि निवतो, तेव्हा सीमेवर ताण येतो. तापलेला तवा एकदम थंड पाण्याखाली धरू नये, याचे कारण हेच. धातूच्या उलथन्याने ओरखडा पडला की पाणी व मीठ ऑक्साइडपर्यंत पोहोचते, क्षरण सुरू होते आणि लेप कडेने सुटत जातो.

५. काशाच्या जाळीतील वंगण

धातू व फ्लोरोपॉलिमर यांचे अधिक खोल मीलन यंत्रांच्या बेअरिंगमध्ये दिसते. आपले कित्येक माजी विद्यार्थी आज कारखान्यांत फिटर, टर्नर, मेकॅनिक म्हणून काम करतात. त्यांच्या हातांखालून असे बुश रोज जात असतील.

निव्वळ पीटीएफई बेअरिंगसाठी निरुपयोगी ठरते. घर्षण कमी असले, तरी ते लवकर झिजते. भार टाकला की हळूहळू सरकत पसरते. आणि उष्णता वाहून नेत नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील ग्लेशियर मेटल कंपनीने यावर जे उत्तर काढले, ते आजही प्रचारात आहे. पाठीशी पोलादाची पट्टी. तिच्यावर कांस्याचे बारीक गोल कण पसरून, न वितळवता तापवून एकमेकांना जोडलेले. त्यामुळे मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाइतका जाड, छिद्रांनी भरलेला थर तयार होतो. त्या छिद्रांत पीटीएफई आणि शिसे यांचे मिश्रण दाबून भरलेले, आणि अगदी वर त्याचाच पातळ पापुद्रा.

येथे प्रत्येक घटकाचे काम वेगळे आहे. पोलाद भार घेते. कांस्याची जाळी पीटीएफईला पसरू देत नाही आणि घर्षणाची उष्णता पाठीकडे नेते. कांस्याची उष्णतावाहकता पीटीएफईच्या शेकडो पट असते. पीटीएफई वंगणाचे काम करते. वरचा पापुद्रा झिजला आणि कांस्याचे कण उघडे पडले, की तेथे उष्णता वाढते. पीटीएफई धातूपेक्षा जास्त प्रसरण पावत असल्याने छिद्रातून थोडे बाहेर येते आणि तीच जागा पुन्हा माखते. तव्यावर जे असमान प्रसरण दोष ठरले, तेच येथे उपयोगी पडले. पुढे शिशाच्या विषारीपणामुळे शिसे नसलेले प्रकारही आले.

घासल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यावरही काही घडत असते. पीटीएफईचा अतिशय पातळ थर दांड्यावर उतरतो आणि मग पीटीएफईवर पीटीएफई सरकते. हा थर दांड्याला कसा धरून राहतो? घर्षणाच्या जोराने काही साखळ्या तुटतात. तुटलेल्या टोकांशी हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांची अभिक्रिया होऊन आम्लगट तयार होतात, आणि ते धातूच्या ऑक्साइडमधील आयनांना पकडतात. अखंड साखळी धातूला धरीत नाही. तुटलेली साखळी धरते. योग्य पूरक द्रव्य मिसळले, तर पीटीएफईची झीज शेकडो पटींनी, काही वेळा हजार पटींनी घटते. त्यामागे या थराचे टिकणे हे एक मोठे कारण आहे.

६. दोन धातूंमधील मध्यस्थ

आणखी एक उदाहरण न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे. १८८६ मध्ये उभारलेल्या या पुतळ्याची त्वचा तांब्याच्या पातळ पत्र्याची, तर आतील सांगाडा गुस्ताव आयफेल यांनी रचलेला, लोखंडाचा. तांबे आणि लोखंड खाऱ्या दमट हवेत एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो. त्यांच्या प्रमाण विभवांतील फरक सुमारे ०.७८ व्होल्ट आहे. त्यात लोखंड गंजते आणि तांबे सुरक्षित राहते. हे टाळण्यासाठी बांधणाऱ्यांनी दोहोंमध्ये लाखेत भिजवलेले अ‍ॅस्बेस्टॉस घातले होते. काळाच्या ओघात ते खराब झाले, ओलावा धरू लागले, आणि लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या. फुगलेल्या गंजाने तांब्यातील रिव्हेट उपसून काढले. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवल्या आणि त्या व तांबे यांच्यामध्ये टेफ्लॉनची पट्टी घातली. विद्युतरोधक, पाणी न शोषणारी आणि तापमानाप्रमाणे तांब्याला सरकू देणारी अशी ही पट्टी आहे.

७. या सुखाची किंमत

येथेच लेख संपवला, तर तो अर्धा राहील. पीटीएफईचे कण पाण्यात बनवले व टिकवले जातात, आणि पीटीएफईला तर पाणीही धरीत नाही. म्हणून एक साबणासारखे द्रव्य लागते, ज्याचे एक टोक फ्लोरिनचे आणि दुसरे पाण्याशी जुळणारे असते. १९५० च्या दशकापासून यासाठी आठ कार्बनांचे परफ्लोरोऑक्टॅनॉइक आम्ल वापरले गेले. त्यातही तोच बळकट बंध आहे. म्हणून ते निसर्गात कुजत नाही, पाण्यातून दूरवर जाते आणि माणसाच्या रक्तात काही वर्षे टिकून राहते.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग येथील कारखान्याच्या परिसरात हे द्रव्य पिण्याच्या पाण्यात उतरले. गुरे का मरतात, या एका पशुपालकाच्या तक्रारीपासून रॉबर्ट बिलॉट या वकिलाने लढा सुरू केला. तडजोडीनुसार सुमारे ६९ हजार लोकांच्या रक्ताची व आरोग्याची माहिती गोळा झाली. नेमलेल्या वैज्ञानिक मंडळाने २०१२ पर्यंत सहा विकारांशी या द्रव्याचा संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग आणि थायरॉइडचे विकार त्यांत आहेत. २०१७ मध्ये सुमारे साडेतीन हजार दावे ६७ कोटी १० लाख डॉलर देऊन मिटवण्यात आले. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारान्वये हे आम्ल जागतिक बंदीच्या यादीत गेले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. त्याच्या जागी आणलेली आखूड साखळीची द्रव्येही निर्दोष ठरलेली नाहीत.

तव्यापासून धोका किती, असे पालक विचारतात. तयार लेपात हे आम्ल जवळजवळ उरत नाही, कारण भाजणीत ते निघून जाते. लेपाचा कपचा पोटात गेला, तरी तो न पचता बाहेर पडतो. खरा धोका अतितापाचा आहे. पीटीएफई सुमारे २६० अंशांपर्यंत दीर्घकाळ टिकते. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर काही मिनिटांत तापमान त्याहून खूप वर जाते आणि लेपातून विषारी धूर निघू लागतो. त्याने माणसाला थंडीतापासारखा त्रास होतो. पाळीव पक्षी तर मरतातही. म्हणून काही नियम पाळावेत. रिकामा तवा तापवू नये. लेप सोलू लागला की भांडे स्वयंपाकातून काढावे. पीटीएफईचे काम करणाऱ्या कारखान्यात विडी-सिगारेट जवळही ठेवू नये, कारण तंबाखूवर बसलेली भुकटी जळून तोच धूर छातीत जातो. आणि लेप असलेले भंगार उघड्या जाळावर जाळून धातू काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू सुटतात. हे शेवटचे काम आपल्या समाजातील गरीब माणसेच करतात, म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले आहे.

८. उपसंहार

तर त्या प्रश्नाचे उत्तर असे. न चिकटणारा पदार्थ धातूला तीन मार्गांनी धरून राहतो: खळग्यांत वा छिद्रांत मुळे रुतवून, दोघांशीही जुळणाऱ्या तिसऱ्या पदार्थाच्या आधाराने, किंवा साखळी तोडून तिच्या टोकांवर नवे रासायनिक गट निर्माण करून. धातू बळ व उष्णतावाहकता देतो, फ्लोरोपॉलिमर सरकणे व संरक्षण देते. दोघांचेही गुण हवे असतील, तर दोघांच्या सीमेवर कष्ट घ्यावे लागतात. आणि तो बंध इतका टिकाऊ असेल की निसर्गालाही तो मोडता येत नाही, तर त्याच्या कारखान्याबाहेरचे पाणीही आपल्याच हिशेबात धरावे लागते.

एवढे सारे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. 'ठाऊक नाही, शोधून सांगतो,' एवढे तरी मी म्हणायला हवे होते. आज वर्गावर असलेल्या शिक्षकांना आणि घरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या पालकांना माझी एवढीच विनंती आहे, की मागच्या बाकावरून येणारा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.